भाचीला बघायला आलेला कोटवाला

चहा सावकाश घ्या, हसताना ठसका लागेल. परवा माझी जी शोभा झाली, ती आता तुमच्यापासून काय लपवायची?

माझा स्वभाव संशयी. गॅसची टाकी आली की मी ती वजन करून घेतो, आणि मग वजनकाट्यावरच संशय घेतो. त्यात माझी भाची ऋतुजा कॉलेजच्या अभ्यासदौऱ्यावर जर्मनीला निघालेली. पोरगी शिकायला आमच्याकडे शिरूरला, तिचे वडील, म्हणजे आमचे दाजी, दौंडला. त्यांनी मला स्पष्ट सांगितलं होतं, "तुमच्या मनाला पटलं तर पाठवू, न्हाईतर न्हाई." म्हणजे पोरीचं जाणं माझ्या एका शब्दावर अडलेलं.

आणि तिची लक्षणं बघा. रोज संध्याकाळी इस्त्रीचा ड्रेस घालून 'दौऱ्याच्या तयारीच्या वर्गाला' जायची. आरशासमोर हळू आवाजात उत्तरं पाठ करायची, मी आलो की गप्प. दौऱ्याला जायचं, तर पाठांतर कसलं?

एके दिवशी गेलोच मागोमाग. बाजारातल्या एका दुकानावरच्या खोलीत वर्ग होता. जिन्यालगतच्या खिडकीतून बघतो तर ऋतुजा खुर्चीत अंग चोरून बसलेली, समोर कोट घातलेला तरुण, शेजारी एक बाई. कोटवाला विचारतोय, वडील काय करतात? शेती किती? भावंडं किती? तिकडेच राहायचा विचार आहे का?

आता तुम्हीच सांगा, आपल्याकडे असले प्रश्न कधी विचारतात? फक्त पोहे यायचे बाकी होते. परदेशातलं स्थळ, आणि सख्ख्या मामाला पत्ता नाही! मी तिथूनच दाजींना फोन लावला, पोरीला बघायला आलेत, दौरा रद्द समजा. दाजी म्हणाले, निघालोच.

आत शिरलो, खुर्ची ओढली आणि कोटवाल्याला धारेवर धरलं. जमीन किती?

"दोन एकर," तो घाबरून म्हणाला.

"बागायत का जिरायत?"

"जिरायत. पण काका, माझं लग्न झालंय. दोन मुलं आहेत."

"व्हय? आन् तरी पोरी बघत फिरताय?"

ऋतुजा रडकुंडीला आली. म्हणाली, मामा, हे आमचे सर आहेत, या मॅडम, आणि हा व्हिसाच्या मुलाखतीचा सराव आहे. आलेला माणूस परत जाणार की तिथेच ठाण मांडणार, एवढीच त्या अधिकाऱ्यांना शंका असते, म्हणून खोदून खोदून विचारतात.

मला काही पटेना. सरावाला कोट कशाला?

सर शांतपणे म्हणाले, काका, तुम्हीच बसून बघा. बसलो. घरी कोण कोण असतं? म्हटलं, तुम्हाला काय करायचंय. इथे कशासाठी आलात? म्हटलं, ते मी सांगत नसतो. मग परत कधी जाणार?

"जातच न्हाई," मी टेबलावर हात आपटला. "पोरीला घेतल्याबिगर हितनं हलणार न्हाई."

सरांनी पेन खाली ठेवलं. ऋतुजा डोळे पुसत म्हणाली, "मामा, तुम्ही नापास."

खरं सांगतो, इतकी लाज मला आयुष्यात वाटली नव्हती. तेवढ्यात दाजींचा फोन. एसटीत बसले होते, पोरीचं काय ठरलं म्हणून विचारत होते. ऋतुजा माझ्या तोंडाकडे बघत उभी.

"दाजी, उतरा खाली," मी म्हणालो. "पोरीला खुशाल जाऊ द्या, ती परत येतीय. मला तेवढं कुठं धाडू नका. मला शिरूरमदीच व्हिसा मिळंना."