तुरीच्या ओळी आणि फवारणीचे विमान

महागाव तालुक्यातील आमच्या शेतावर फवारणीचे एक प्रायोगिक विमान उडाले होते. ते उत्तम उडाले. तरीही आमच्या कपाशीच्या उपयोगी का पडले नाही, एवढ्याच प्रश्नाचे उत्तर मला येथे शोधायचे आहे.

विमान बिनवैमानिकाचे होते. यवतमाळच्या एका महाविद्यालयातील अभियंत्यांनी ते बनवले होते; पंखांखाली औषधाची टाकी आणि नोझल. कपाशीच्या संकटाची ती वर्षे. आदल्या हंगामात फवारताना थोरल्या भावाला विषबाधा झाली होती. तो वाचला, पण नजर अधू झाली. पुन्हा पंप पाठीवर घेऊ नका, असे डॉक्टरांनी बजावले. घरात फवारणारे दुसरे कोणी नव्हते. मी शाळेत गणित शिकवणारा. म्हणून प्रयोगासाठी भावाने शेत आनंदाने दिले.

श्रावणात अभियंत्यांनी पिकाची उंची मोजली आणि विमान कपाशीच्या शेंड्यांवरून अगदी कमी उंचीवर जाईल, असे गणित बसवले. आमच्याकडे कपाशीच्या काही ओळींनंतर तुरीची एक ओळ असते. श्रावणात दोन्ही पिके गुडघाभर, म्हणून त्यांनी ती एकाच उंचीची धरली. तूर पुढे किती वाढते, हे आम्हाला इतके ठाऊक होते की ते कोणी सांगितलेच नाही.

आश्विनात तूर डोक्याच्या वर गेली. विमान उंचावरून न्यावे लागले आणि फवारा वाऱ्याने बांधावर जाऊन पडला. तूर आड येते, असे अभियंत्यांचे मुख्य साहेब म्हणाले. भावाने विळा उचलला.

“मले बाकी काही नको. पाठीवरचा पंप उतरला तं पुरे.”

वहिनी माझ्याकडे वळली. “भाऊजी, विमान शिजवून वरन होत नाही, एवढं सांगा तुमच्या साहेबाले.”

मी सांगितले. साहेब हसले.

तूर कापलेल्या शेतात प्रात्यक्षिक उत्कृष्ट झाले, टाळ्याही वाजल्या. शेजाऱ्यांनी मात्र आपली तूर कापू दिली नाही. तेव्हा या भागातील शेती यंत्राला योग्य नाही, असा निष्कर्ष निघाला आणि विमान परत गेले. पुढे अळी दिसली, तसा भावाने पंप पुन्हा पाठीवर घेतला. त्या वर्षी आमच्या घरी वरण विकतच्या डाळीचे होते, आणि वरणाची वाटी त्याला हाताने चाचपून शोधावी लागे.

माझ्या सांगण्यावर विसंबू नका. आश्विनात जिल्ह्यातील कोणत्याही कपाशीच्या शेतात जा, तुरीच्या ओळीशेजारी उभे राहा आणि तिची उंची स्वतः मोजून पाहा.