शेवटच्या कडव्यातलं नाव

पंचशीलाबद्दल कुणीतरी नीट लिहिणाऱ्यानं लिहायला हवं होतं. मी तिच्या मागं बसून पेटी वाजवली, एवढंच. पण तिच्या आईला, नागुबाईला ओळखणारे आता फार उरले नाहीत, म्हणून लिहितो.

आमचं गाव अहमदपूरजवळचं. बहात्तरच्या दुष्काळात आमची सगळी बौद्ध वस्ती रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जायची. नागुबाई विधवा, पदरात एक लेक. उन्हात हात चालावा म्हणून ती गाणी जुळवायची. पंचशीला तेव्हा आठ-नऊ वर्षांची. कामावर खायला मिळायची ती सुकडी न्यायचं डबडं उलटं करून ती त्यावर ठेका धरायची आणि आईच्या मागून म्हणायची. आईचा आवाज घोगरा होता. लेकीनं ओळ उचलली की मात्र बाया हातोड्या खाली ठेवायच्या. मुकादम ओरडायचा, "गाणं बंद करा, न्हाईतर आज खडी मोजणार न्हाई." आणि स्वतःच ऐकत उभा राहायचा.

त्यातल्या एका गाण्याचा शेवट असा होता:

उन्हात खडी फोडता हाताची साल जाय,
लेकीला शाळेत धाड, सांगे नागूमाय.

पुढं नांदेडच्या शेषेरावांनी एका भीमजयंतीत पंचशीलाला ऐकलं आणि आपल्या गायन पार्टीत घेतलं. मी आधीपासून त्यांच्याकडं होतो, म्हणून नागुबाईनं पोर माझ्या भरवशावर पाठवली. शेषेराव माणूस वाईट नव्हते. श्वास कुठं घ्यायचा, माईक तोंडापासून किती लांब धरायचा, सगळं त्यांनीच शिकवलं. गाणं जुळवणाऱ्याचं नाव शेवटच्या कडव्यात यावं ही जुनी रीत. आमच्या पार्टीत मात्र गाणं कुणाचंही असो, नाव शेषेरावांचंच यायचं. त्यांनी शेवट बदलला:

खडीच्या ढिगामागं दडलं माझं गाव,
लेकीला शाळेत धाड, सांगे शेषेराव.

"दादा, गाणं मायचं हाय," पंचशीला म्हणाली.

"हाव, मायचंच हाय. पण लोक नाव ऐकून सुपारी देतात, पोरी. नागूमायला देगलूरात कोण वळखतं?"

देगलूर, भोकर, लोहा, सगळीकडं ते गाणं गाजलं. लग्नाच्या मांडवात लाऊडस्पीकरवरही वाजू लागलं.

लातूर नवा जिल्हा झाला आणि पुढच्या जयंतीला तिथं आमचा कार्यक्रम ठरला. नागुबाईनं लेकीला स्टेजवर कधी पाहिलं नव्हतं. या वेळी येते म्हणाली. शेवट मायच्या नावानं म्हणू का, असं पंचशीलानं शेषेरावांना विचारलं. त्यांनी तोंडातलं पान थुंकलं.

"एक डाव म्हण मायच्या नावानं," ते म्हणाले. "माय म्होरं बसणार म्हणल्यावर मी कोण अडवणार?"

नागुबाई पांढरं लुगडं नेसून बायांच्या पुढच्या रांगेत बसली. शेजारणीला सांगत होती, "शेवटाला माझं नाव येतंय. तवर झोपू नका, बाई."

पंचशीला त्या दिवशी गायली तशी नंतर कधी गायली नाही. शेवटचं कडवं आलं आणि सवयीनं तिच्या तोंडून निघालं, 'दडलं माझं गाव'. मी पेटीवरून मान वर केली. तिच्याही लक्षात आलं होतं. पण 'गाव' आल्यावर पुढं दुसरं काय येणार? ती थांबली, तेवढ्यात मागच्या कोरसनं रोजच्यासारखी ओळ उचलली, 'सांगे शेषेराव'. टाळ्या पडल्या.

स्टेजमागं ती आईच्या पायाशी बसून रडली. नागुबाई तिच्या केसांवरून हात फिरवत म्हणाली, "येडी का काय तू? गाणं ऐकलं की म्या. नाव पुढल्या डावाला घे."

पुढला डाव आला नाही. त्याच पावसाळ्यात कावीळ होऊन नागुबाई गेली.

तिच्या जलदानविधीच्या दिवशी वंदना झाल्यावर पंचशीला मला म्हणाली, "मामा, पेटी काढा." सगळी वस्ती जमली होती. नागुबाईच्या शेजारी बसून खडी फोडलेल्या बाया होत्या. त्या तिच्यासोबत गाऊ लागल्या. शेवटच्या कडव्यात पंचशीलानं 'हाताची साल जाय' अगदी नीट म्हटलं. बाया जरा अडखळल्या, आणि मग सगळ्यांनी मिळून मोठ्यानं म्हटलं, 'सांगे शेषेराव'. इतक्या वर्षांत त्यांच्याही तोंडी लाऊडस्पीकरवरचाच शेवट बसला होता. पंचशीलाचं 'नागूमाय' मला ऐकू आलं, कारण मी अगदी जवळ होतो.

माझ्यामागं बसलेली, त्या खडीवाल्या बायांतलीच केवळाबाई हळूच कुणाला तरी म्हणाली, "लेकरू दुःखात नाव चुकलं."

नंतर पंचशीलाची स्वतःची पार्टी झाली, नाव झालं. त्या गाण्याची फर्माईश अजून येते. ती सगळं गाणं म्हणते आणि शेवटच्या कडव्याला माईक लोकांकडं करते. बाई आपल्याला मान देते, असं लोकांना वाटतं. ते गाणं पुरं करतात. तेवढा वेळ ती ओठ मिटून उभी असते.