टिकटिक कुठून येते?

माझी नात बंगळुरात एचएसआर लेआउटला सायकली दुरुस्त करते आणि थंडीत गुलमर्गला जाऊन लोकांच्या स्की. काल तिच्या दुकानात रॉकेलचा वास आला आणि मी थेट मल्लेश्वरमच्या आमच्या अंगणात पोहोचले.

कॉलेजात फिजिक्स घेतलेली मी, म्हणजे शहाणपणाचा कळसच! पेडल थांबवलं की माझ्या वडिलांच्या, अप्पांच्या सायकलीचं मागचं चाक टिकटिक का करतं, हे मला बघायचंच होतं. अप्पा झोपले होते. दुपारी चारला त्याच सायकलीवरून कारखान्यात जायचे. मी चाक काढलं, हातोडीनं त्याचं दातेरी फ्रीव्हील उघडलं आणि साबुदाण्याएवढे छर्रे अंगणभर पळाले.

सापडले तेवढे पदरात बांधून, चाक घेऊन मी कोपऱ्यावरच्या सायकलवाल्या अण्णांकडे धावले.

"किती होते, अक्का?"

"मोजले नाहीत."

"सरी, झालं! आणि म्हणे कॉलेजात जाता."

त्यांनी एकेक छर्रा रॉकेलात धुऊन ग्रीसमध्ये मलाच बसवायला लावला. टिकटिक करणारी चिमुकली खिटीही दाखवली. मग दारातल्या जुनाट सायकलीकडे बोट करून म्हणाले, "माझ्या मामांची. लहानपणी मीही अशीच खोलून वाट लावली होती. म्हणूनच लाडकी."

चारला अप्पा टिकटिक करत गेले. मला वाटलं, जिंकले!

दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्या तळहातावर एक छर्रा ठेवला. "चपलेखाली आला. पुढच्या वेळी चादर अंथरून उघड."

ओरडा चुकला म्हणून मी खूश. 'पुढच्या वेळी' या शब्दांतली परवानगी मात्र तेव्हा मला ऐकूच आली नाही.

नात फ्रीव्हील उघडते तेव्हा खाली चादर असते. मीच दिलेली.