नंतरचं तिकीट

चष्म्याच्या दुकानात काचा घासायला बसणाऱ्या वहिनीला सगळी गल्ली वहिनीच म्हणायची, मालकसुद्धा. दुकानाच्या मागच्या खोलीत तिचं यंत्र. काच धरायची, कड घासायची, फ्रेमीत बसते का बघायची, नाही बसली तर पुन्हा घासायची. जास्त घासली की संपलं, काच वाया. त्यामुळे बाईचा हात सावकाश आणि स्वभावही तसाच. कुठलीही गोष्ट झटकन उरकणं तिला जमायचंच नाही. यात वाईट काही नाही म्हणा. पण विमानाचं तिकीट म्हणजे काही चष्म्याची काच नव्हे, हे तिला कुणीतरी सांगायला हवं होतं.

तिची एकुलती एक लेक लांबच्या शहरात नोकरीला होती. इतकं लांब, की विमानाशिवाय सोय नाही. घरात तिचं नाव बबडी. चांगली कमावती बाई झाली तरी बबडी ती बबडीच. "आई, उन्हाळ्याच्या सुट्टीत ये ना," हे तिचं पालुपद. उन्हाळ्यात दुकानात गिऱ्हाईक कमी, मालक तेव्हाच रजा द्यायचे. वहिनी "हो हो, येते" म्हणायची आणि दरवेळी काहीतरी आडवं यायचं. एका वर्षी अण्णा न्हाणीघरात पडले. पुढच्या वर्षी अण्णांच्या हृदयाचं दुखणं निघालं. अण्णा म्हणजे तिचे सासरे. त्यांचं उभं आयुष्य बॉयलरच्या कारखान्यात गेलं, कानही तिथल्या दणदणाटात गेले, आणि आता ते पुढच्या खोलीत खिडकीशी उशांना टेकून बसलेले असत. आडवं झालं की धाप लागायची.

यंदा मात्र बबडीने विचारलंच नाही. फोनवर हवापाणी झालं, अण्णांची तब्येत झाली, तिच्या ऑफिसातल्या साहेबाची टिंगल झाली आणि "बरं, ठेवते आई" म्हणून तिने ठेवलासुद्धा. सुट्टीचं नाव नाही. वहिनी फोन हातात धरून तशीच उभी राहिली. रुसलेल्या लेकीची समजूत घालता येते हो, पण जिने मागायचंच सोडलं तिला काय सांगणार? या उन्हाळ्यात गेलो नाही तर पोरगी कायमची हातची जाईल, हे तिला लख्ख दिसलं.

दुकानाला लागूनच एका तिकीटवाल्याचं ऑफिस होतं. चहाच्या वेळी वहिनी त्याच्याकडे गेली.

"काढायचं तर आत्ता काढा, वहिनी," तो म्हणाला. "सुट्टी तोंडावर आली की भाव आभाळाला भिडतात. फक्त एक गोष्ट आहे. स्वस्तातल्या तिकिटाची तारीख मागाहून बदलता येत नाही. तेव्हा घरी विचारा, तारीख पक्की करा आणि मग या."

तारीख पक्की करा म्हणे! तिथंच तर घोडं पेंड खात होतं.

कारण डॉक्टर नुकतेच येऊन गेले होते. अण्णांना तपासून ते बाहेर आले, दाराशी चपला घालता घालता वहिनीच्या नवऱ्याला म्हणाले, "जपा त्यांना. उन्हाळा निघेल असं काही मी सांगू शकत नाही." नवरा छापखान्यात यंत्रावर असायचा, बोलायला मुळातच कंजूष. त्या दिवसापासून तर त्याच्या तोंडात एकच शब्द राहिला. नंतर. पुढच्या खोलीच्या भिंतीला ओल आलीय, रंग काढायला हवा. नंतर काढू. पलंग कुरकुरतोय. नंतर बघू. जवळच राहणारी नणंद, नवऱ्याची ताई, आली की तीही तेच. "माझं काय, मी नंतर येऊन राहीन चार दिवस."

"तिकिटाचं काय करायचं?" वहिनीने जेवताना विचारलं.

"नंतर बघू की."

"अहो, पण कशाच्या नंतर?"

नवऱ्याचा घास हातात राहिला. त्याने एकदा पुढच्या खोलीकडे पाहिलं, पाण्याचा पेला उचलला आणि पाणी न पिताच खाली ठेवला. वहिनीलाही आपण काय विचारून बसलो ते कळलं. कशाच्या नंतर हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं, बोलायची मात्र कुणाची छाती नव्हती.

आणि बोलायची छाती नव्हती म्हणावं, तर या घराला एक वाईट खोड लागलेली होती. अण्णांना ऐकू येत नाही म्हटल्यावर त्यांच्या देखत काय वाट्टेल ते बोलायचं! डॉक्टरांचं निदान, औषधाच्या गोळ्यांवरून कुरबुर, भिंतीला निळा रंग द्यायचा की पांढरा, सगळं अण्णांच्या पलंगाशी उभं राहून, मोठ्यांदा. अण्णांकडे कानाचं मशीन होतं, पण ते केव्हाच बंद पडलेलं. मेलं कुणी दुरुस्त करायचं मनावरच घेत नव्हतं. ते काम वहिनीनेच केलं. चष्म्याच्या दुकानात अशी मशीनंही यायची. तिने मालकांकडून ते साफ करून घेतलं, नवा सेल घातला आणि एका सकाळी स्वतःच्या हातांनी अण्णांच्या कानात बसवलं.

"ऐकू येतंय का?" तिने विचारलं.

"ओरडतेस कशाला?" अण्णा म्हणाले, आणि दोघंही हसली.

त्याच सकाळी तिकीटवाल्याचा फोन आला. भाव चढायला लागलाय, काय ते सांगा. वहिनी अण्णांच्या खोलीतच चादर बदलत होती. फोन कानाशी, चादरीचं टोक हातात, अण्णा खुर्चीत. आणि ती जशी रोज बोलायची तशीच, भिंतीशी बोलावं तशी बोलली. "असं करा, सुट्टीच्या अगदी शेवटच्या आठवड्यातलं धरा. तोवर आमचं आटपलेलं असेल. उद्या पक्कं सांगते."

चादर खोचून ती वळली. अण्णा खिडकीबाहेर बघत होते. त्यांनी हात कानाकडे नेला, मशीन चाचपलं आणि हात पुन्हा मांडीवर ठेवला. तेव्हा कुठे बाईच्या डोक्यात उजेड पडला. ऐकलं असेल का? नसेल ऐकलं. कामावर जायची वेळ झाली होती. ती दुकानात गेली, त्या दिवशी तिने काचेमागून काच वाया घालवली आणि मालकांची बोलणी मुकाट्याने खाल्ली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती अण्णांचे पाय पुसायला बसली. पावलं सुजून टम्म झाली होती. अण्णा अगदी सहज म्हणाले, "सूनबाई, आणि आमचं नाही आटपलं तर?"

धरणीने पोटात घेतलं असतं तर बरं, असं तिला झालं. "अण्णा, मला तसं म्हणायचं नव्हतं..."

"तसंच म्हणायचं होतं. त्यात खोटं काय आहे? डॉक्टर तेच म्हणतो. कालपासून ऐकतोय ना मी. बाप रे, किती बोलता गं तुम्ही लोक! मी गेल्यावर भिंतीला कुठला रंग द्यायचा तेही ठरवून झालंय."

वहिनीने मान वर केली नाही. फडक्याचं पाणी तिच्या मनगटावरून ओघळत होतं.

"रागावलो नाही मी," अण्णा म्हणाले. मध्ये त्यांना थांबून श्वास घ्यावा लागला. "पण ती तारीख नको. तू ती तारीख घेतलीस की रोज सकाळी डोळे उघडल्यावर माझ्या मनात येणार, अरे, अजून आहोतच आपण, हिचं तिकीट फुकट जाणार. माणसाने स्वतःच्या घरात मुक्काम लांबला म्हणून ओशाळायचं का? आधीचं तिकीट काढ. मी असताना जा. आणि परत येऊन मला सगळं सांग."

"मी तिकडे असताना तुम्हाला काही झालं म्हणजे?"

"झालं तर झालं. तू इथे बसलीस म्हणून व्हायचं थांबणार आहे का? पोरीला दोन वर्षं माझ्यापायी आई मिळाली नाही. तिसऱ्या वर्षीही नाही मिळाली, तर मला सुखाने जाताही यायचं नाही."

वहिनीला रडू फुटलं. अण्णांनी तिला रडू दिलं आणि मग म्हणाले, "पाणी गार झालं."

संध्याकाळी नवऱ्याने कपाळावर आठ्या घातल्या. बाप असा अंथरुणाला खिळलेला आणि सून विमानात बसून सुट्टीला चालली, लोक काय म्हणतील? तो हे स्वयंपाकघरात, हळू आवाजात म्हणत होता. पुढच्या खोलीतून हाक आली, "लोकांना माझ्याकडे पाठव रे! मी बोलतो त्यांच्याशी!" नवरा दचकलाच. मग मान खाली घालून म्हणाला, "मी रजा टाकतो. ताईलाही बोलावून घेऊ." कितीतरी दिवसांत पहिल्यांदा त्याने नंतर हा शब्द वापरला नाही.

तिकीट सुट्टीच्या पहिल्याच आठवड्यातलं काढलं. बबडीला फोनवर सांगितलं तर तिने आधी तारीख पुन्हा विचारून घेतली. मग म्हणाली, "अगं, मी यंदा रजासुद्धा मागितली नाही. बघते काय होतं ते." आनंदाने उड्या वगैरे काही नाही. वहिनीच्या जिवाला ते लागलं, पण तिने ते गिळलं. आपण पेरलं तेच हाती येणार, दुसरं काय.

निघायच्या दिवशी ती अण्णांच्या पायाशी वाकली. "येते, अण्णा." जाताना जाते म्हणायचं नाही, येते म्हणायचं, हे आपलं रोजचंच. भाजी आणायला निघालेली बाईसुद्धा येते म्हणते. त्या दिवशी मात्र तिने तो शब्द दोनदा म्हटला. अण्णांनी तिच्याकडे नीट पाहून घेतलं. "ये," ते म्हणाले. गाडी वळेपर्यंत ती मागे बघत होती, आणि खिडकीतला चेहराही हलला नव्हता.

तिकडे ती असताना रोज फोन व्हायचा. आज पेज घेतली, आज घेतली नाही, आज ताईवर खेकसले. खेकसले म्हटलं की वहिनीला हायसं वाटायचं. एकदा दुपारी अवेळी फोन वाजला तेव्हा तिच्या हातातला कप खाली पडला. नवऱ्याला फक्त इस्त्री कुठे ठेवलीय ते हवं होतं. अशा जीव टांगणीला लागलेल्या सुट्टीला सुट्टी म्हणायचं की नाही, तुम्हीच ठरवा. पण ती राहिली. परतीच्या तारखेपर्यंत राहिली आणि मगच आली.

अण्णा होते. अर्धे झाले होते, गालाची हाडं वर आली होती, पण होते. तिने पिशव्या दारातच टाकल्या.

"सांग," अण्णा म्हणाले.

ती पलंगाच्या कडेला बसली आणि सांगत सुटली. बबडीची खोली उंचावर आहे, खिडकीतून गाड्या काड्यापेटीएवढ्या दिसतात. बबडीने मग चार दिवसांची रजा मिळवली. बाकीचे दिवस ती कामावर जायची आणि वहिनी संध्याकाळ होण्याची वाट बघत बसायची. बबडीने आईसाठी मऊ सपाता आणून ठेवल्या होत्या, पहिल्या वर्षी बोलावलं तेव्हाच्या. अजून खोक्यातच होत्या.

अण्णांनी डोळे मिटले होते. झोपले असं वाटून ती उठणार, तोच ते म्हणाले, "पोरगी चिडलीय का माझ्यावर? माझ्यामुळे आई येऊ शकली नाही म्हणून?"

काहीतरी गोड बोलून वेळ मारून नेता आली असती. तिने ती मारून नेली नाही.

"चिडली होती, अण्णा. पण तुमच्यावर नाही. माझ्यावर."

"तुझ्यावर का?"

"ती म्हणाली, आई, तुला यायचंच नव्हतं. अण्णांचं तू नुसतं निमित्त केलंस."

"काहीतरीच! आणि तू काय म्हणालीस?"

वहिनी पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. बाहेर कुणीतरी सायकल भिंतीला टेकवत होतं. "मी काहीच म्हणाले नाही," ती म्हणाली. "खरं होतं ते. मला भीती वाटायची, अण्णा. तिच्या घरात मी पाहुणी होणार. चमचा कुठे आहे, साखर कुठे आहे, सगळं तिला विचारावं लागणार. माझ्यावाचून तिचं किती छान चाललंय ते डोळ्यांनी बघावं लागणार. तुम्ही पडलात तेव्हा मी रडले, घाबरले, ते खोटं नव्हतं. पण आत कुठेतरी सुटल्यासारखंही वाटलं. म्हटलं, चला, यंदाचं टळलं. दुखणं निघालं तेव्हाही तसंच झालं."

अण्णांनी हात कानाकडे नेला. मशीनचा सेल संपला की काय असं तिला वाटलं.

"म्हणजे दोन वर्षं," ते शेवटी म्हणाले, "मी पोरीची आई अडकवून ठेवली म्हणून रोज रात्री स्वतःला खातोय. केव्हा एकदा यातून सुटतो आणि यांना मोकळं करतो असं झालं होतं मला. आणि ते माझ्यामुळे नव्हतंच?"

"नव्हतं, अण्णा."

"आधी सांगायचंस गं, सूनबाई."

आवाजात राग नव्हता. नुसता थकवा होता. वहिनीने पलंगाच्या काठावर डोकं टेकलं आणि ती मोठमोठ्यांदा रडायला लागली. नणंद आतून धावत आली, तिला वाटलं, अण्णा गेले.