दिलीप आर्टिस्टची चारपायी गिऱ्हाइकं

मित्र जमले की कोणीतरी म्हणतोच, "मास्तर, तो कुत्र्याचा किस्सा सांगा!" मी विचारतो, "कोणत्या कुत्र्याचा?" कारण एक सांगायला घेतलं की मागून दुसरं कुत्रं येतं, त्याच्यामागून मांजर, आणि चहा संपेपर्यंत दारात बैल उभा! हे किस्से मी काही जमवले नाहीत. शाळा सुटली की महागावच्या मेन रोडवर दिलीपभाऊंच्या दुकानात जाऊन बसायचो, एवढंच.

दिलीपभाऊ मूळचे पेंटर. खत-बियाण्यांच्या दुकानांच्या पाट्या रंगवायचे. मग कापसाचे वाईट दिवस आले. नवं दुकान कोणी उघडेना, जुन्याची पाटी कोणी रंगवेना. तेव्हा त्यांनी लोहाऱ्याच्या एका फर्निचरवाल्याकडून बोर्डाचे तुकडे आणले, त्यांना पांढरा हात मारला, पॉलिश पेपरनं घासून अगदी गुळगुळीत केले आणि त्यांवर रंगीत पेन्सिलींनी लोकांच्या पाळलेल्या जनावरांची चित्रं काढायला लागले.

त्यांच्या बायकोनं, शोभावहिनींनी, कपाळावर हात मारला. "अवो, या दिवसात कुत्र्याचं चित्र कोण काढून घेते?"

"माणसाचं काढलं की माणूस म्हणते, नाक चुकलं," दिलीपभाऊ म्हणाले. "कुत्रं कधी कम्प्लेंट करते काय?"

कुत्रं नाही करत. मालक करतो!

*

पहिलं गिऱ्हाईक म्हणजे शेजारचे किराणावाले काका आणि त्यांचं पामेरियन. चित्र पाहून काका दचकलेच.

"दिलीप, बाकी सगळं जमलं. पण हे माह्या सासऱ्यासारखं काहून पाहून राह्यलं?"

दिलीपभाऊ बोर्ड परत घ्यायला लागले. तेवढ्यात काकूंनी तो हिसकावून घेतला.

"राहू द्या, भाऊ. ते याईच्याकडे तसंच पाह्यते!"

*

दवाखान्यातल्या कंपाउंडरचं कुत्रं होतं काळंकुट्ट. दिलीपभाऊंनी आधी निळा लावला, त्यावर जांभळा, मग तपकिरी. काळी पेन्सिल अगदी शेवटी. कंपाउंडर बाजूला बसून हे पाहत होता, त्याचा जीव वरखाली.

"भाऊ, माहं कुत्रं काळं आहे. तुम्ही निळं करून राह्यले!"

"उन्हात नीट पाह्य एकदा त्याच्याकडे. पाठीवर निळाई दिसते का नाही ते."

दुसऱ्या दिवशी कंपाउंडर आलाच नाही. तिसऱ्या दिवशी आला तो जनावरांच्या डॉक्टरांचा निरोप घेऊन. त्यानं कुत्र्याला उन्हात पाहिलं होतं, घाबरून तडक डॉक्टरांकडे नेलं होतं आणि "साहेब, हे निळं पडून राह्यलं!" असं सांगितलं होतं.

डॉक्टरांचा निरोप असा होता, "कुत्रं ठीक आहे. आर्टिस्टले म्हणा, माह्या पेशंटले बिघडवू नको!"

*

फुलसावंगीची एक आजी बाजाराच्या दिवशी मांजर घेऊन आली. पिवळी मांजर, कापडी पिशवीत, फक्त तोंड बाहेर. दिलीपभाऊंनी दुपारभर बसून चित्र काढलं. एक-एक केस मोजून घ्यावा असं! आजी खूश.

पुढच्या बाजाराला आजी पुन्हा हजर.

"भाऊ, थे मांजर आमची नव्हती."

"म्हणजे?"

"घरी जाऊन पाह्यते तं आमची चुलीमागं झोपलेली! घाईत शेजारणीची पिशवीत भरली वाटते."

दिलीपभाऊंचा चेहरा पडला. म्हणाले, "मग चित्र शेजारणीले देऊन टाका."

"तिले कायले?" आजी उसळलीच. "मागून राह्यली थे, पण मी देत नाही. मांजर तिची असन, चित्र माहं आहे!"

*

त्या वर्षांत आमच्या जिल्ह्यात टीव्हीवाले फार यायचे. एकदा दिल्लीचा एक पत्रकार कॅमेरामन घेऊन दुकानात शिरला. भिंतीवर कुत्री, मांजरं, एक ससा. त्यानं माईक पुढे केला.

"इन तस्वीरों में किसान का दर्द कहाँ है?"

दिलीपभाऊ तेव्हा एका बोक्याच्या मिशा काढत होते. लावलेला रंग ब्लेडच्या टोकानं खरवडायचा, की खालची पांढरी रेघ उघडी पडते. हात हलला की बोका गेला! मान वर न करता म्हणाले, "दर्द का बाद में देखते, साहब. अभी मूछ चालू है."

पत्रकार खाली वाकला. मिशा पूर्ण होईपर्यंत तसाच वाकून राहिला. मग त्यानं कॅमेरामनला लाईट बंद करायला सांगितलं, खिशातून पाकीट काढलं आणि त्यातून एक फोटो.

"ये हमारा शेरू है. बना देंगे?"

तो गेल्यावर शोभावहिनी म्हणाल्या, "घ्या! दर्द शोधाले आलता, कुत्रं देऊन गेला!"

*

आणि मग जानरावकाका. जवळच्याच खेड्यातले शेतकरी, सोबत त्यांची बायको कौसल्याकाकू आणि बांड्या बैल. बांड्याचा जोडीदार उन्हाळ्यात मेला होता. एका बैलावर शेती होत नाही, आणि नवा घेण्यासारखं कापसानं काही ठेवलं नव्हतं. दोघांनी मिळून ठरवलं, बांड्याला विकायचं. घेणारा व्यापारीही ठरला. "पण जायच्या आधी एक चित्र काढून द्या," म्हणाले.

बांड्या दुकानासमोरच्या लिंबाखाली उभा राहिला. दिलीपभाऊंनी काम सुरू केलं. संध्याकाळी म्हणाले, "कान राह्यला. पुढच्या बाजाराले आणा."

पुढच्या बाजाराला कान झाला, तर खूर राहिला. त्याच्या पुढच्याला वशिंडाची सावली. दर वेळी नवरा-बायको बांड्याला घेऊन यायचे, कडब्याच्या चार पेंढ्या त्याच्यापुढे टाकायचे, आणि संध्याकाळी तिघंही घरी परत!

शेवटी बैलाचा व्यापारीच दुकानात येऊन बसला.

"काय हो आर्टिस्ट, एका बैलाले किती दिवस?"

"बोर्ड गुळगुळीत आहे, शेठ," दिलीपभाऊ पेन्सिलीला टोक करत म्हणाले. "रंग एकदम धरत नाही. थरावर थर चढवा लागते. घाई केली का घसरते."

मी सहज त्यांच्या मागे जाऊन उभा राहिलो. बोर्डावर बांड्या अख्खा होता. डोळ्यातलं पाणीसुद्धा ओलं वाटावं असा! दिलीपभाऊ पेन्सिल नुसती हवेतच फिरवत होते.

मला राहवलं नाही. जानरावकाकांच्या कानाशी जाऊन म्हणालो, "काका, चित्र तं कधीचं झालं आहे!"

"मले माहीत आहे," काका पुटपुटले. "हळू बोला, मास्तर. व्यापारी ऐकून राह्यला!"

एवढ्यात कौसल्याकाकू बैलाचा कासरा हातात धरूनच दुकानात आल्या. काकांनी मान खाली घातली. काकूंनी चित्राकडे पाहिलं. खूप वेळ पाहिलं. पदरानं तोंड पुसलं. मग व्यापाऱ्याला नीट ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या,

"दिलीपभाऊ, शेपटी मले अजून कच्चीच वाटून राह्यली!"