मंगळवारचा स्टर-फ्राय

आमच्या घरी मोठ्याचं मटण, म्हणजे बीफ, शिजायचं, कारण तेवढंच परवडायचं. शाळेत कुणी विचारलं तर वरणभात सांग, असं आई बजावायची. पुढे मी घराण्यातला पहिला ग्रॅज्युएट झालो, इंजिनियर म्हणून अमेरिकेत, मिशिगनमधल्या नोव्हायला आलो. लपवायची सवय मात्र सोबत आली.

तिथे शेजारच्या अपार्टमेंटमध्ये पुण्याचे एक काका एकटेच राहायचे. दर मंगळवारी ऑफिसातून आले की शर्ट काढायचे, जानवं बनियनमध्ये नीट खोचायचे आणि बीफचा स्टर-फ्राय करायला घ्यायचे. ब्रोकोली, सिमला मिरची, सोया सॉस. वीस मिनिटांत काम फत्ते. मला वाढताना म्हणायचे, "सायंटिफिकली हे नुसतं प्रोटीन आहे रे. पहिल्यांदा जड जातं, घाबरू नकोस." मीही घाबरल्यासारखं करून खायचो.

मांस मात्र रबरासारखं लागायचं, कारण काका ते त्यातल्या तंतूंच्या दिशेनं उभंच कापायचे. एका मंगळवारी मला राहवलं नाही. मीच सुरी घेतली आणि आडवे, पातळ काप केले.

काकांनी परतलेला तुकडा चाखला. "अरे, लोणी आहे हे! कुठल्या पुस्तकात वाचलंस?"

"पुस्तकात नाही, काका. आई असंच कापायची. आम्ही लहानपणापासून हेच खातो."

"अच्छा," काका म्हणाले. मग त्यांनी ताटातली ब्रोकोली तेवढी वेचून खाल्ली.

उरलेलं सगळं मांस मी खाल्लं. आमच्या घरी काय शिजायचं, हे मी आयुष्यात पहिल्यांदा मोठ्यानं सांगितलं होतं.