छातीचा पट्टा

“छाती खोटं बोलत न्हाई,” असं म्हणत आमच्या शाळेतले पी.टी.चे सर स्वतःच्या छातीवर दोन बोटं टेकवायचे. पोरगं पोट दुखतंय म्हणो की पाय दुखतोय म्हणो, उत्तर हेच. तुमच्याही शाळेत असे एक सर असतीलच.

त्यांचा भाचा पुण्याला कंपनीत लागला आणि परदेशी जाऊन आला. मामासाठी त्यानं छातीला बांधायचा पट्टा आणि जोडीचं घड्याळ आणलं. पट्टा ठोके मोजायचा, घड्याळात आकडा दिसायचा. आमच्या चौसाळ्यात तेव्हा रोज काहीतरी नवं यायचं, पण असलं कुणाकडे नव्हतं. पोरांना उघडं करून, पट्टा ओला करून, सर स्वतः छातीखाली आवळून बांधायचे. “कोरडा बांधला की येड्यासारखं दाखवतंय बे,” असं बजावायचे.

पळणाऱ्यांत मुलगी एकच, हायवेवरच्या मेकॅनिकची. पोरांना सहज मागं टाकायची. जिल्ह्याच्या शर्यतीला ती जाणार, हे सगळ्यांनी धरूनच ठेवलं होतं. तिला पट्टा देताना मात्र सरांनी तोंड फिरवलं. “आत जाऊन बांध,” एवढंच म्हणाले. मी शेजारच्याच वर्गावर मराठी शिकवत होते. मला हाक मारली असती तर दोन मिनिटांचं काम होतं. पण बाईमाणसाशी हा विषय काढायचा कसा, इथंच त्यांचं घोडं अडलं.

ती पळाली. घड्याळात आकडा भलताच चढला आणि मग एकदम शून्य. सर घाबरले. “काळजात खोट दिसती. तू पळायचं न्हाई,” म्हणाले आणि शर्यतीतून तिचं नाव काढलं. पोरीनं हुज्जत घातली नाही. मेकॅनिकच्या पोरीचं काळीज कच्चं आहे, हे मात्र गावभर झालं. उद्या तिच्या सोयरिकीत हे आडवं येणार, हे कुणी वेगळं सांगायला नको होतं.

शर्यत होऊन गेल्यावर थंडीतल्या एका सकाळी सरांनी पट्टा बनियनवरूनच बांधला. बसल्या जागी तोच चढलेला आकडा, तसंच शून्य. आधी ते हसले. मग मुलीला बोलावून घेतलं.

“पट्टा कसा बांधलता?”

“कपड्यावरून, सर.”

“मग मला विचारलं कावून न्हाई?”

“तुमी तिकडं तोंड करून उभे होते.”

त्याच दुपारी ते गॅरेजवर गेले. मीही सोबत होते. गिऱ्हाइकांदेखत त्यांनी हात जोडले. “पोरीचं काळीज ठणठणीत हाय. पट्टा कसा बांधायचा ते सांगायची मला लाज वाटली. चूक माझी हाय.” तेव्हा मला त्यांच्याकडे बघवेना.

तिचे वडील फडक्याला हात पुसत राहिले. “शर्यत तर झाली ना, सर,” म्हणाले. मुलीला त्यांनी पुन्हा मैदानावर पाठवलं नाही.

सरांच्या निरोपसमारंभाला पोरं ओरडली, “सर, छाती!” सवयीनं त्यांची दोन बोटं वर गेली. त्यांनी मुलींच्या रांगेकडे एकदा पाहिलं, हात खाली घेतला आणि खुर्चीत बसले.